वीस वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स कार: स्लाऊमधील एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील खरेदीदार माझे जुने स्नेही आहेत. वय बेचाळीस, मूळ पुण्याचे, आणि गेली नऊ वर्षे लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ येथे पत्नी व दोन मुलांसह राहतात. घरात रोजच्या वापराची पाच आसनी गाडी आहे आणि तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. २०२३ च्या शरद ऋतूत त्यांनी मला फोन करून सांगितले की, त्यांना केवळ चालवण्याच्या आनंदासाठी एक गाडी घ्यायची आहे, ती जपानीच हवी, साधारण २००० ते २००५ या काळातली हवी, आणि तिच्यावर एकूण साडेसहा हजार पौंडांहून अधिक खर्च करायचा नाही. मी यंत्र अभियंता आहे आणि इंग्लंडमध्ये बरीच वर्षे जुन्या गाड्या बाळगून आहे, म्हणून सोबत येण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. पुढील पाच महिन्यांत आम्ही काय पाहिले, कुठे थांबलो आणि कुठे चुकलो, याची ही नोंद आहे.

त्यांच्या इच्छेचे मूळ पुण्यातच होते. २००० च्या सुमारास भारतात होंडा सिटीचे व्हीटेक (इंजिन वेगाने फिरू लागले की झडपांची उघडझाप बदलणारी होंडाची रचना) इंजिनाचे मॉडेल आले, आणि त्यांच्या वडिलांनी ते घेतले. दीड लिटरचे, सुमारे १०६ अश्वशक्तीचे ते इंजिन वरच्या आवर्तनांत, म्हणजे मिनिटाला हजारो फेऱ्या घेताना, ज्या आवाजात गाऊ लागे, तो आवाज ताम्हिणी घाटात ज्याने ऐकला आहे, त्याला तो पुसता येत नाही. हे मी सहज ओघात सांगत नाही. खरेदीच्या पहिल्या दोन महिन्यांत आमची दिशा याच आठवणीने ठरवली, आणि ती जवळजवळ चुकीच्या ठिकाणी नेऊन ठेवली होती.

प्रश्न नेमका कोणता होता

वरवर पाहता प्रश्न 'कोणते मॉडेल' हा होता. त्यामागे तीन बंधने होती. पहिले बंधन लंडनच्या प्रदूषण-शुल्काचे. स्नेह्यांचे थोरले बंधू लंडनमधल्या हॅरो येथे राहतात आणि रविवारी तिकडे जाणे ठरलेले असते. २९ ऑगस्ट २०२३ पासून हे शुल्क लंडनच्या सर्व बरोंना (पालिका-विभागांना) लागू झाले, आणि निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. पेट्रोल गाडीसाठी निकष युरो ४ या युरोपीय उत्सर्जन मानकाचा आहे. २००६ नंतरच्या गाड्या बहुधा त्यात बसतात. त्याआधीच्या गाड्यांमध्ये काही बसतात आणि काही बसत नाहीत. म्हणून प्रत्येक गाडीचा नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकूनच पाहावा लागतो. दुसरे बंधन गंजाचे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि वीस हिवाळे मिठाच्या पाण्यातून गेलेल्या पत्र्याचे काय होते, हे भारतातून आलेल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे जुनी गाडी म्हटली की नजर इंजिनाकडे आणि क्लचकडे जाते. इथे ती आधी गाडीच्या पोटाखाली जायला हवी. तिसरे बंधन पुढे केव्हातरी भारतात परतण्याचे. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही, त्यामुळे ही गाडी कधीतरी इथेच विकावी लागणार होती.

खरा प्रश्न मात्र त्यांच्या पत्नींनी विचारला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कागद पसरून बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, ही गाडी मुलांना घेऊन जायला हवी आहे, की ह्यांना एकट्याला पहाटे बाहेर पडायला? आधी ते ठरवा, मग गाडी." स्नेही काही क्षण गप्प बसले आणि मग म्हणाले की, एकट्याला, रविवारी पहाटे, मार्लो आणि हेन्लीच्या बाजूला चिल्टर्न टेकड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर. हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णयबिंदू. या एका उत्तराने निम्मी यादी बाद झाली, आणि 'मजा' या मोघम शब्दाला रस्ता, वेळ आणि वेग मिळाला.

विचारात घेतलेले पर्याय

होंडा एस२००० हे त्यांचे स्वप्न होते. १९९९ ते २००९ या काळात बनलेली ही गाडी, दोन लिटरचे इंजिन, टर्बो नसताना २४० अश्वशक्ती आणि मिनिटाला ९,००० आवर्तनांपर्यंत जाणारी रेडलाइन (इंजिनाच्या फिरण्याची कमाल मर्यादा). पुण्याच्या त्या सिटीतले इंजिन ज्या विद्येतून आले होते, तिचे हे शिखर म्हणता येईल. अडचण किमतीची होती: बरी म्हणावी अशी जी जी एस२००० आम्ही पाहिली, तिची किंमत बजेटच्या दुपटीच्या पुढे होती. कर्ज काढावे का, यावर दोन आठवडे चर्चा झाली. अखेर त्यांच्या एका सहकाऱ्यांनी आपली एस२००० तासभर चालवायला दिली आणि निर्णय झाला. इंजिनाचा दुसरा, व्हीटेकचा स्वभाव सहा हजार आवर्तनांच्या आसपास जागा होतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत जाईतो दुभाजक नसलेल्या रस्त्यावरची ताशी ६० मैलांची वेगमर्यादा गाठलेली असते. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे, ते चिल्टर्नच्या कुंपणांमधल्या रस्त्यांवर सकाळभरात फार तर चार-पाच वेळा कानी पडणार. परतताना स्नेही म्हणाले, "गाडी अप्रतिम आहे. पण तिला हवा तसा रस्ता माझ्याकडे नाही."

माझदा आरएक्स-८ चा विचार मुलांसाठी म्हणून झाला होता, कारण तिला मागे दोन आसने आणि उलटे उघडणारे छोटे दरवाजे आहेत. तिचे रोटरी इंजिन पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटरवर चालते. ६५४ घन सेंटिमीटरचे दोन कक्ष, कंप जवळजवळ नाही, फिरणे रेशमासारखे. पण ते इंजिन रचनेनेच थोडे ऑइल जाळते, थंड असताना सुरू करून लगेच बंद केले तर पेट्रोलने गुदमरते, आणि रोटरच्या टोकांवरच्या सीलची झीज तपासायला त्यासाठीचे खास कॉम्प्रेशन यंत्र लागते. किमती मोहात पाडणाऱ्या होत्या. मी मात्र स्पष्टपणे नको म्हटले. आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या आणि अधूनमधून फक्त जागा बदलण्यासाठी सुरू होणाऱ्या गाडीत हे इंजिन असू नये.

निस्सान ३५०झेड लवकर बाजूला पडली. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन दमदार आहे, पण दीड टनाच्या आसपासचे वजन अरुंद वळणांवर सतत जाणवते. टोयोटा सेलिका पुढच्या चाकांवर चालते, एवढ्याच कारणाने ती वगळली. हे कारण पुरेसे होते का, याची मला आजही खात्री नाही.

सर्वांत अवघड ठरली ती होंडा सिव्हिक टाइप आर. २००१ ते २००५ ची ही गाडी जपानी बोधचिन्हाची असली तरी स्लाऊहून एम४ महामार्गाने तासाभरावर असलेल्या स्विंडनच्या कारखान्यात बनत असे. तो कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. दोन लिटर, २०० अश्वशक्ती, तेच व्हीटेक, आणि किंमत बजेटच्या आत. कागदावर हीच गाडी घ्यायला हवी होती. आम्ही ती चालवून पाहिली आणि मन खरोखर दोलायमान झाले. पण पुन्हा तोच मुद्दा आला: ४० मैलांच्या वेगाला ती एक चांगली, थोडी कडक हॅचबॅक होती, आणि तिच्यातला खरा आनंद त्याच्या बराच पुढे सुरू होत होता. पहाटेच्या रस्त्यावर, कायद्याच्या आत, हातापायांना काम देणारी गाडी हवी, असे निकषाचे वाक्य आम्ही त्या दिवशी कागदावर लिहिले.

त्या वाक्यात दोन गाड्या नेमक्या बसत होत्या. एक टोयोटा एमआर२ ची तिसरी पिढी: १९९९ पासूनची, आसनांच्या मागे इंजिन, १.८ लिटर, सुमारे १४० अश्वशक्ती आणि एक टनाच्या आतले वजन. दुसरी माझदा एमएक्स-५: फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसलेली, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, कापडी छत आणि दोनच आसने. तिची १९९८ ते २००५ ची दुसरी पिढी बजेटमध्ये आरामात बसत होती.

याच टप्प्यावर पैशांची वाटणीही केली. साडेसहा हजारांपैकी गाडीवर जास्तीत जास्त साडेचार हजार, आणि दोन हजार पहिल्या वर्षाच्या कामांसाठी राखीव. विमा व रोड टॅक्स घरखर्चातून. राखीव रकमेला कोणत्याही गाडीच्या मोहात हात लावायचा नाही, हे त्यांच्या पत्नींसमोर ठरले, आणि तेच पुढे उपयोगी पडले.

पाहिलेल्या तीन गाड्या

पहिली गाडी लाल एमएक्स-५, २००२ ची, ५८,००० मैल चाललेली. अंगणात उन्हात उभी होती आणि छायाचित्रात दिसते त्याहून सुंदर होती. स्नेह्यांनी बयाण्याची रक्कम खिशात आणली होती. मी तेथे पोहोचण्याआधी फोनवर त्या गाडीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास पाहिला होता. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाडीची ही एमओटी तपासणी दरवर्षी होते, आणि नोंदणी क्रमांक टाकला की जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या आणि पुढचे चेसिस गंजल्याची सूचना होती. त्यानंतरच्या नोंदीत मात्र ती सूचना नव्हती. दुरुस्ती झाली असेल तर आनंदच होता. मालकांना विचारले, तर त्यांच्याकडे दुरुस्तीची कोणतीही पावती नव्हती.

मी गाडीखाली आडवा झालो. खालचा सारा पत्रा नव्या काळ्या डांबरी लेपाने झाकलेला होता, इतका ताजा की बोटाला चिकटत होता. मागच्या चाकाच्या कमानीपुढे पट्टीचा जो शेवटचा वीतभर भाग असतो, तिथे मी फ्रिजवरचे साधे चुंबक लावून पाहिले. दरवाजाखाली ते घट्ट धरत होते. मागच्या टोकाला ते घसरून खाली पडले. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकले. पुढे टणटण आवाज येत होता, मागे पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. म्हणजे खाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली होती. ही जागा गंजण्याचे कारणही या गाडीच्या रचनेत आहे: कापडी छतावरचे पाणी आसनांमागच्या दोन नळ्यांतून खाली जाते, त्या नळ्या पानांनी व मातीने तुंबल्या की पाणी पट्ट्यांच्या पोकळीत साचते, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

स्नेही गाडीच्या चालकाच्या आसनावर बसलेले होते, हात स्टिअरिंगवर. मी त्यांना खाली वाकून चुंबक स्वतः लावून पाहायला सांगितले. हा दुसरा निर्णयबिंदू. माझ्या तोंडून ऐकले असते तर कदाचित त्यांनी घासाघीस करून गाडी घेतली असती. स्वतःच्या हातातून चुंबक पडल्यावर त्यांनी बयाणा खिशातच ठेवला.

दुसरी गाडी २००१ ची एमआर२. चालवायला ती या सर्व प्रकरणातली सर्वोत्तम होती, हे मी निःसंकोच लिहितो. नाकावर वजन नसल्याने स्टिअरिंग बोटांच्या टोकांशी बोलत होते. परंतु सुरुवातीच्या वर्षांतल्या या इंजिनांचे दोन दोष जाणकारांना ठाऊक आहेत: पिस्टन रिंगांमुळे ऑइल जळणे, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधल्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांमधल्या) छोट्या प्री-कॅटचा, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा, सिरॅमिक गाभा भुगा होऊन तो इंजिनात ओढला जाणे. ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. मॅनिफोल्डवरचे ऑक्सिजन सेन्सर काढून त्या छिद्रातून छोटा कॅमेरा घातला की गाभा शाबूत आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळते. मालकांनी सेन्सर काढू देण्यास नम्रपणे नकार दिला, आणि तो त्यांचा अधिकार होता. आम्ही आभार मानून निघालो.

तिसरी गाडी मार्च २०२४ मध्ये पाहिली. गडद निळी एमएक्स-५, २००४ ची, १.८ लिटर, ९६,००० मैल. बोनेटवरचा रंग उडालेला, एका अलॉय चाकाला फुटपाथ घासलेला, छताच्या शिवणीचा धागा सुटलेला. स्नेह्यांचा चेहरा उतरला. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि गाडी अकरा वर्षे त्यांच्याकडे होती. त्यांनी बुटांच्या खोक्यात जपलेल्या पावत्या टेबलावर मांडल्या. त्यांत तीन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची मागची टोके आणि पुढच्या चेसिसचा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केल्याची पावती होती, आणि गॅरेजने काढलेली, जुना पत्रा उघडा असतानाची छायाचित्रेही होती. चुंबक सगळीकडे धरत होते. आसनांमागचा गालिचा दाबून पाहिला, कोरडा. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तिच्याखालची जागाही कोरडी. नोंदणी क्रमांक टाकला तर लंडनचे शुल्क लागू नव्हते. टाइमिंग बेल्ट बदलायला आला होता, आणि ते त्यांनी न विचारता सांगितले.

किंमत ३,९०० सांगितली होती, ३,६५० ला व्यवहार झाला. स्नेह्यांनी घरी परतताना तीनदा विचारले की, रंग उडालेली गाडी घेऊन आपण चूक तर करत नाही ना. मी त्यांना सांगितले की रंग केव्हाही देता येतो. चेसिस कापून जोडण्याचे काम कोणी आधीच नीट करून ठेवले आहे, अशी गाडी मागून मिळत नाही.

खरेदीनंतरची कामे

पहिल्या तीन महिन्यांत राखीव रकमेतून टाइमिंग बेल्ट, वॉटर पंप, कूलंट, ब्रेक व क्लचचे द्रव मिळून ५४० पौंड गेले. पोकळ भागांत मेणासारखे गंजरोधक फवारून खालून संरक्षक लेप द्यायला ६०० लागले. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण पहिल्याच पावसात गाडी गोल चौकात मागून अनपेक्षित सरकली. घरी येऊन टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचला: २३१२. म्हणजे २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले टायर, बारा वर्षांचे, रबर दगडासारखे झालेले. चारही टायर एकाच कंपनीचे, नवे, ३२० पौंड. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करायला गाडी नेली, तेव्हा मागच्या सस्पेन्शनचे समायोजनाचे दोन लांब बोल्ट त्यांच्या नळ्यांत गंजून एकजीव झालेले निघाले. ते कापून काढावे लागले, नवे बोल्ट व बुश टाकावे लागले, आणि अलाइनमेंटसह ४१० पौंड खर्च झाला.

या शेवटच्या कामानंतर गाडी बदलली. आधी ती सरळ रस्त्यावरही किंचित चुकारपणा करत असे. आता वळणात शिरताना चारही चाके एका मताने चालू लागली.

परिणाम

गाडी आणि पहिल्या कामांचा एकूण खर्च ५,५२० पौंड झाला. पुढच्या हिवाळ्यात मागचा एक ब्रेक कॅलिपर अडकला, त्यावर २३० गेले. बाकीची रक्कम अद्याप शिल्लक आहे. अठरा महिन्यांत गाडी सुमारे ६,००० मैल चालली. एमओटी तपासणीत ती दोन्ही वेळा उत्तीर्ण झाली आणि गंजाची एकही सूचना आली नाही. त्यांची थोरली मुलगी आता शेजारच्या आसनावर बसून रविवारी सोबत जाते, आणि आसनांमागच्या निचऱ्याच्या नळ्या दर महिन्याला लवचिक तारेने साफ करण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. गेल्या ऑक्टोबरात तिने एका नळीतून मेपलच्या पानांचा ओला गोळा काढून मला त्याचे छायाचित्र पाठवले होते.

काय वेगळे करता आले असते

टायरचा क्रमांक व्यवहाराच्या आधी वाचायला हवा होता. ही माझी चूक आहे. गंज नाही याच्या आनंदात मी नक्षी पाहून पुढे गेलो. पैशांचा प्रश्न तर होताच, शिवाय स्नेही त्या टायरांवर दहा दिवस गाडी चालवत होते, आणि त्या गोल चौकात शेजारी दुसरी गाडी असती तर हे प्रकरण वेगळे लिहावे लागले असते. अलाइनमेंटचे बोल्टही जागच्या जागी पाना लावून तपासता आले असते आणि किंमत आणखी उतरवता आली असती, मात्र मालकीणबाईंच्या सचोटीपुढे तेवढी घासाघीस करायला आम्ही धजावलो असतो असे वाटत नाही.

विम्याची चौकशीही आम्ही उशिरा केली. आधी केली असती तर सिव्हिक टाइप आर वरची दोन आठवड्यांची ओढाताण वाचली असती, कारण तिच्या हप्त्याचा आकडा पाहून तो विषय तिथेच संपला असता.

एमआर२ बाबत मी घाई केली, असे मला अजूनही वाटते. ती एक विशिष्ट गाडी सोडणे योग्यच होते, पण तिच्यासोबत आम्ही ते मॉडेलच यादीतून काढून टाकले. नंतरच्या वर्षांत त्या इंजिनाच्या पिस्टन रिंगांत सुधारणा झाली होती, आणि २००३ नंतरची, मालक सेन्सर काढू देणारी एखादी गाडी पाहण्यासाठी आम्ही आणखी महिनाभर थांबू शकलो असतो. स्नेह्यांशी याविषयी बोललो तेव्हा ते म्हणाले की, ती एमआर२ त्यांनाही आठवते, विशेषतः पहाटे हेन्लीचा पूल ओलांडल्यावर लागणाऱ्या पहिल्या चढाला. पुढच्या वसंतात आम्ही दोघे एक पाहायला जाणार आहोत. या वेळी चुंबक आणि छोटा कॅमेरा त्यांनी स्वतःच विकत घेऊन ठेवला आहे.